काडतूस, प्रेस आणि आमचा खानदेश

या वीकेंडचा विषय जरा वेगळा आहे.

लोणखेड्याचा माझा एक बालमित्र कोड लिहीत लिहीत टेक्सासला पोचला आणि तिथे रायफल शूटिंगच्या नादाला लागला. त्याचा मेल आला: "भो, काडतुसं परवडत नाहीत. रिकामी पुंगळी घरीच पुन्हा भरायची म्हणतो. स्वस्तातली सिंगल-स्टेज प्रेस कुठली घेऊ? आणि दिवाळीला येताना काकांसाठी एक आणू का? त्यांच्याकडे लायसनची बंदूक आहे, रानडुकरं उसाची वाट लावतात."

मी मेकॅनिकल शिकून सॉफ्टवेअरमध्ये आलेला माणूस, म्हणून यंत्राचे प्रश्न माझ्याकडे येतात. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला इतिहासात शिरावं लागलं, आणि हा इतिहास थेट आपल्या तापीच्या खोऱ्यापर्यंत येतो.

सुरुवात सातपुड्यापासून करू. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीला खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या भिल्लांची कंपनी सरकारच्या फौजेशी लढाई झाली. त्या काळच्या बंदुका तोंडाकडून भरायच्या. दारू ओतायची, गोळी ढकलायची, गजाने ठासायची. म्हणजे प्रत्येक बार हा 'रीलोडिंग'च असायचा, आणि तो बंदूकवाला स्वतःच्या हातांनी करायचा. शिसं वितळवून साच्यात गोळी ओतणं हे गावपातळीचं काम होतं. भिल्लांचा तीर तर त्याहून सोपा. नेम चुकला तरी तीर उपटून पुन्हा भात्यात.

१८५७ च्या गाजलेल्या एनफील्ड काडतुसाचीही गोष्ट तीच. ती कागदाची पुडी होती: मोजून ठेवलेली दारू आणि गोळी. वाद वंगणाचा होता, तंत्र मात्र साधं होतं.

पुढच्या १० वर्षांत सगळं बदललं. पितळेची पुंगळी आली. तिच्या बुडाशी प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी. आत दारू, तोंडाशी गोळी, सगळं एकाच पॅकेटमध्ये. १८६६ च्या सुमारास दोन माणसांनी दोन प्रकारचे प्रायमर केले. इंग्लंडच्या वुलिच इथल्या शस्त्रशाळेतले कर्नल बॉक्सर आणि अमेरिकेतले हायरम बर्डन. बॉक्सर पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असतं. बर्डन पद्धतीत बाजूला दोन बारीक भोकं असतात, आणि ऐरणीसारखा टोकदार उंचवटा पुंगळीतच असतो.

गंमत बघा. इंग्रज बॉक्सरची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकन बर्डनची युरोपात! हा फरक वाटतो त्यापेक्षा फार मोठा आहे. मधोमध एक भोक असलं की वरून सरळ सुई घालून जळलेला प्रायमर बाहेर ढकलता येतो. बर्डनमध्ये ही सोय नाही, तो काढणं कटकटीचं. त्यामुळे अमेरिकेत पुंगळी पुन्हा वापरायची वस्तू राहिली, आणि ब्रिटिश साम्राज्यातली थ्री-नॉट-थ्रीची लष्करी काडतुसं बहुतेक बर्डन पद्धतीची निघाली. आपल्या भाषेत सांगायचं तर एका ठिकाणी सोर्स उघडा राहिला, दुसऱ्या ठिकाणी बायनरी हातात आली.

आपल्याकडे मात्र कुलूप फक्त तांत्रिक नव्हतं. पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला १८६९ मध्ये. लॉर्ड लिटनचा आर्म्स अॅक्ट आला १८७८ मध्ये. हिंदी माणसाला हत्यारासाठी लायसन सक्तीचं झालं, युरोपियनांना सूट मिळाली. कारखाना सरकारचा आणि कायदाही सरकारचा. शिसं गावात ओतता येत होतं, पण पितळेची पुंगळी ओढणं आणि प्रायमरचं स्फोटक मिश्रण बनवणं गावातल्या लोहाराच्या आवाक्यातलं नव्हतं. जे काम अंबापाणीच्या पिढीला येत होतं, ते पुढच्या पिढ्यांच्या हातून गेलं.

याचा अर्थ नंदुरबारला वेगळा सांगावा लागत नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. १५ वर्षांचा शिरीषकुमार आणि त्याचे ४ सोबती गेले. गोळ्या कोणाकडे होत्या आणि झेंडा कोणाकडे, हे शाळेतल्या पोरालाही पाठ आहे.

आता नेमका त्याच काळातला अमेरिकेचा सीन बघू. १९४३ मध्ये युद्धामुळे चांगल्या गोळ्यांचा तुटवडा होता. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन नावाच्या माणसाने वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत एक साचा बनवला. वापरलेल्या पॉइंट टू-टूच्या पुंगळ्या दाबून त्यातून शिकारीच्या गोळ्यांचं वरचं आवरण तयार करायचा. शिकार कसली, तर 'रॉक चक' नावाच्या खारीच्या कुळातल्या प्राण्याची. त्यातून आरसीबीएस ही कंपनी उभी राहिली, आणि तिची 'रॉक चकर' प्रेस अजून प्रसिद्ध आहे. १९५८ मध्ये रिचर्ड ली यांनी विस्कॉन्सिनमध्ये घरच्या वर्कशॉपमध्ये 'ली लोडर' काढला. त्यात प्रेसच नव्हती, हातोडीने ठोकून काम व्हायचं. गरिबाची रीलोडिंग! पुढे ली कंपनीच्या स्वस्त प्रेसही आल्या.

तर पहिला प्रश्न: कुठली प्रेस?

सिंगल-स्टेज म्हणजे एका वेळी एकच डाय, दांड्याच्या एका खेचीत एकच काम. १०० पुंगळ्यांना आधी मूळ आकारात आणा आणि जुने प्रायमर काढा, मग सगळ्यांना नवे प्रायमर बसवा, मग मोजून दारू, मग गोळी. याच्या उलट प्रोग्रेसिव्ह प्रेस, म्हणजे पाइपलाइनच. वेग जास्त, पण एखाद्या पुंगळीत दारू दोनदा पडली तर कळणार नाही, आणि ती चूक बंदुकीसकट माणसाला फोडते. नवख्याने सिंगल-थ्रेडेडच राहावं. प्रत्येक पायरीला थांबून तपासता येतं.

मग आकार. सी-फ्रेम पुढून उघडी असते. हात घालायला सोपी आणि स्वस्त, पण जोर लावला की किंचित वाकते. ओ-फ्रेम बंद कडीसारखी, म्हणून ताठ. पिस्तुलाच्या छोट्या पुंगळीला सी चालून जाते. रायफलची मानेशी निमुळती पुंगळी पूर्ण आकारात आणायला बराच जोर लागतो, तिथे ओ हवी. बिडाची असली तर आयुष्यभराची, अॅल्युमिनियमची असली तर स्वस्त, आणि हौशी माणसाच्या महिन्याच्या शे-दोनशे काडतुसांना पुरेशी.

स्वस्त प्रेस घेताना घाबरू नये याचं खरं कारण स्टँडर्डमध्ये आहे. डायचे आटे ७/८ इंची, इंचाला १४ असे ठरलेत. बहुतेक सगळ्या कंपन्या तेच पाळतात. एका कंपनीचा डाय दुसरीच्या प्रेसमध्ये बसतो, प्रेस बदलली तरी डाय वाया जात नाहीत. आपल्या धंद्यात एपीआय ठरवताना होणारी मारामारी आठवा आणि या लोकांना सलाम करा :)

त्याला लिहिलं: साधी अॅल्युमिनियमची ओ-फ्रेम घे, आणि वाचलेले पैसे चांगल्या तराजूवर आणि कॅलिपरवर घाल. प्रेस फक्त ढकलते, जीव वाचवतो तो तराजू.

आता दुसरा प्रश्न: काकांसाठी आणू का?

नाही. अजिबात नाही. स्वतंत्र भारताचा आर्म्स अॅक्ट १९५९ चा. त्याच्या कलम २ मध्ये 'अम्युनिशन'ची व्याख्या आहे, आणि तीत काडतुसाचे सुटे भागच नव्हे, तर काडतूस बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा धरलेली आहे. म्हणजे टेक्सासच्या दुकानात जी वस्तू हौशी कारागिराचं अवजार, ती मुंबई विमानतळावर कायद्याने दारूगोळा. बनवायला कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो, बंदुकीचं लायसन तिथे चालत नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला कमीत कमी ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. रानडुकराच्या नादात काका तुरुंगात जायचे.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, म्हणजे लिटनचंच राज्य चालू आहे की! मला तसं वाटत नाही. गोऱ्यांची सूट गेली, आणि कायदा आपल्या संसदेने केला. ज्या देशात गावठी कट्टे सर्रास सापडतात, तिथे काडतूस हीच शेवटची चाळणी उरते. कट्टा कोणीही घडवतो, काडतूस घडवणं अवघड. ही चाळणी ढिली करा असं मी तरी म्हणणार नाही. पण किंमत मोजावी लागते हेही खरं. अमेरिकेत लाँड्रीच्या मागच्या खोलीत जी कारागिरी वाढली, तशी आपल्याकडे वाढू शकली नाही.

असो. नेमबाजांचं काय, असा प्रश्न राहतो. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ मिळवलं, ते दोन्ही पॉइंट टू-टू रायफलने. या काडतुसात ठिणगीचा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो, आणि बार झाला की कड चेपते. ते घरी पुन्हा भरणं व्यवहारात होत नाही, अमेरिकेतही नाही. म्हणजे आपल्या पदकांच्या आड प्रेसबंदी आलेली नाही. तिथे रेंज, कोच आणि चांगली काडतुसं वेळेवर मिळणं हेच लागतं.

आणि काडतुसं आता खुद्द खानदेशातही बनतात. भुसावळजवळ वरणगावला १९६४ पासून ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. २०२१ पासून ती आणि खडकीचा कारखाना दोन्ही म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत. नंदुरबारहून भुसावळची गाडी पकडलीत तर त्याच दिशेने जाल. अंबापाणीच्या डोंगरात गोळी हाताने ठासणाऱ्यांच्या मुलखात आज ती यंत्रावर होते, आणि तिथे पाळीवर जाणारी माणसं खानदेशातलीच आहेत.