कलकत्त्याचे बुद्धिबळ

कलकत्त्याचे (आजच्या कोलकात्याचे) बुद्धिबळ : बंगालच्या राजधानीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रुजलेली बुद्धिबळाची परंपरा. कलकत्ता चेस क्लबची स्थापना १८५० ची. या गावाचे नाव जगाच्या बुद्धिबळात टिकले ते मात्र कोणत्याही चषकामुळे किंवा स्पर्धेमुळे नव्हे. जॉन कॉक्रन हे स्कॉटिश बॅरिस्टर आणि महेशचंद्र बंद्योपाध्याय (बॅनर्जी) हे मुफस्सलातले (शहराबाहेरच्या मुलखातले) बंगाली ब्राह्मण यांच्यात साधारण १८४८ ते १८६० या काळात जे शेकडो डाव झाले, त्यांमुळे ते टिकले. आज जगभर ज्या सुरुवातींना ‘इंडियन डिफेन्स’ म्हणतात, त्यांचे सर्वांत जुने ठळक नमुने याच डावांत सापडतात.

कॉक्रन (१७९८–१८७८) हे काही हौशी साहेब नव्हते. तरुणपणी, १८२१ मध्ये, ते पॅरिसला देशापेल आणि ला बूर्दोने या त्या काळच्या धुरंधरांशी खेळून आले होते. १८२२ मध्ये त्यांनी या खेळावर ग्रंथ लिहिला आणि पुढे वकिलीसाठी कलकत्ता गाठले. १८४१ ते १८४३ या काळात ते रजेवर लंडनला होते. तिथे हॉवर्ड स्टॉन्टन यांच्याशी त्यांचे शेकडो डाव झाले. स्टॉन्टन त्या वेळी युरोपातले अव्वल खेळाडू मानले जाऊ लागले होते आणि इंग्लंडात त्यांच्याखालोखाल नाव घेतले जाई ते कॉक्रन यांचे. भारतात परतल्यावर तोडीचा प्रतिस्पर्धी मिळेना, ही त्यांची अडचण होती.

ती दूर झाली ती अशी. कलकत्त्याच्या बुद्धिबळमंडळातल्या एका सदस्याला मुफस्सलात महेशचंद्र भेटले. पंचक्रोशीत ते कधी हरले नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. त्यांना कलकत्त्याला बोलावण्यात आले आणि कॉक्रन यांच्यासमोर बसवण्यात आले. १८५० मध्ये ‘चेस प्लेअर्स क्रॉनिकल’ या लंडनच्या मासिकात या भेटीची हकीकत छापून आली. भारत आणि लंडन यांच्यात बुद्धिबळाची टपाली ये-जा तेव्हा नवी राहिली नव्हती. दिल्लीत धर्मोपदेशक असलेल्या हेन्री लव्हडे यांनी ‘शागिर्द’ या टोपणनावाने पाठवलेला ‘इंडियन प्रॉब्लेम’ हा कूटप्रश्न याच मासिकाने १८४५ मध्ये छापला होता आणि त्याने युरोपभर खळबळ उडवली होती.

महेशचंद्र ज्या नियमांवर वाढले ते समजून घेतल्याशिवाय त्यांचा खेळ समजत नाही. देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चाले. किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला एकदाच, आणि तोवर शह बसला नसेल तरच, घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येई. शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा वजीरच होईल असे नसे. ज्या उभ्या पट्टीत ते पोचले, तिथल्या मोहऱ्याचा दर्जा त्याला मिळे. अनेक ठिकाणी पट मांडताना दोन्ही राजे समोरासमोर नसत, राजासमोर वजीर येई. महाराष्ट्रातले जुने खेळाडूही थोड्याफार फरकाने याच रीतीने खेळत. देशी आणि विलायती रीतींची सांगड घालण्याचा एक आरंभीचा प्रयत्न मुंबईतच झाला. १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे पुस्तक तिथे इंग्रजीत प्रसिद्ध झाले. त्यात भारतीय परंपरेतले कूटप्रश्न युरोपीय नियमांना जुळवून घेतलेले होते. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७) या चित्रपटात एक मुनशी लखनौच्या दोन खेळवेड्या जहागीरदारांना विलायती रीत समजावतो. त्या प्रसंगातही हाच फरक आहे.

प्यादे एकेक घरच सरकत असल्यामुळे देशी डावात पटाच्या मधल्या चार घरांवर सुरुवातीलाच धडक मारता येत नसे. खेळाडू आधी आपली बाजू बांधून घेई. घोड्यापुढचे प्यादे एक घर पुढे, त्यामागे उंट, वजिरापुढचे प्यादेही एकच घर पुढे. अशी आखडती, पण भक्कम मांडणी होई आणि खरी लढाई मागाहून पेटे. युरोपात त्या वेळी चलन होते ते राजापुढच्या प्याद्याला दोन घरे टाकून लगेच हल्ला चढवण्याचे. साहजिकच महेशचंद्रांच्या खेळ्या पाहून युरोपीय वाचकाला वाटले असेल, की या माणसाला सुरुवात कशी करावी हेच ठाऊक नाही. प्रत्यक्षात तो वेगळ्या शाळेत शिकलेला पक्का खेळाडू होता. नवे नियम शिकून घेतल्यावरही त्यांनी आपली मांडणी सोडली नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचे मोल त्या न सोडण्यातच आहे.

नोंदल्या गेलेल्या डावांपैकी बहुतेक कॉक्रन यांनी जिंकले. हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. अर्ध्या आयुष्यानंतर नियम बदलून खेळणाऱ्या माणसाने युरोपातल्या एका नामांकित खेळाडूकडून डाव घ्यावेत, हीच मोठी गोष्ट आहे.

सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला डाव १८५५ चा. पांढरी मोहरी कॉक्रन यांच्याकडे होती. सुरुवात अशी झाली : १. डी४ घो-एफ६ २. सी४ जी६ ३. घो-सी३ डी५ ४. ई३ उं-जी७ ५. घो-एफ३ किल्लेकोट. पुढे पांढऱ्याने डी५ वरचे प्यादे मारले, काळ्या घोड्याने परत मारले, घोड्यांची अदलाबदल झाली आणि आठव्या खेळीला महेशचंद्रांनी सी५ करून पांढऱ्याच्या मध्यावर हात घातला. आजच्या कोणत्याही खेळाडूला हे पाहताच ओळख पटेल. ही ग्रुनफेल्ड बचावपद्धती आहे. एर्न्स्ट ग्रुनफेल्ड या ऑस्ट्रियन खेळाडूने ती १९२२ मध्ये पुढे आणली आणि तिला त्याचे नाव मिळाले. म्हणजे महेशचंद्र त्याच्या सदुसष्ट वर्षे आधी ती खेळत होते. १९५६ मध्ये न्यू यॉर्कला तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने डोनाल्ड बर्नविरुद्ध वजीर देऊन जिंकलेला प्रसिद्ध डावही याच पद्धतीत मोडतो.

सुरुवात अशी दमदार झाली, तरी डाव महेशचंद्रांच्या हातून गेला. अकराव्या खेळीपासून त्यांचे उंट आणि हत्ती मोकळे होते, चौदाव्या खेळीपर्यंत त्यांची सारी मोहरी कामाला लागली होती. मग वजिराला ए५ वरून बी६ वर आणि तिथून परत डी८ वर पळावे लागले, कारण पांढरा हत्ती आधी सी५ वर, मग बी५ वर येऊन त्याचा पिच्छा पुरवत होता. तेवढ्या वेळात कॉक्रन यांनी बी३ वर वजीर रोवला होता. तिथून काळ्या राजाच्या जी८ या घरापर्यंत एकच तिरकी रेघ जाते आणि तिच्या वाटेवर एफ७ चे प्यादे आहे. सतराव्या खेळीला पांढरा घोडा जी५ वर उतरला. महेशचंद्रांनी ई२ चा उंट खाल्ला, तोच अठराव्या खेळीला घोड्याने एफ७ चे प्यादे मारले. काळ्याने वजिरावर घोड्याचा नेम धरला, पण वेळ निघून गेली होती. आता तीन खेळ्यांत मात आहे : घोडा एच६ वर जातो, त्याच क्षणी वजिराची रेघ मोकळी होऊन राजाला दुहेरी शह बसतो. राजा एच८ च्या कोपऱ्यात सरकतो. मग पांढरा आपला वजीर जी८ वर सरळ नेऊन ठेवतो. घोड्याचा जोर असल्यामुळे राजाला तो खाता येत नाही, हत्तीलाच खावा लागतो. आणि आपल्याच हत्ती, उंट, प्याद्यांनी कोंडलेल्या राजाला एफ७ वर परतलेला घोडा मात करतो. पट मांडून या शेवटच्या खेळ्या हाताने खेळून पाहाव्यात. एफ७ हे एकच घर डोळ्यांसमोर ठेवले तरी कॉक्रन यांनी किती आधीपासून तिकडे नजर लावली होती ते दिसते.

दुसऱ्या एका डावात पारडे उलटे फिरले. इथे पुढे ‘किंग्ज इंडियन’ या नावाने गाजलेली मांडणी होती : काळ्याची प्यादी डी६ आणि जी६ वर, उंट जी७ वर, घोडा एफ६ वर. पांढऱ्याने सी, डी, ई आणि एफ अशी चार प्यादी पुढे रेटून पटाचा मध्य व्यापला. हा आजचा ‘फोर पॉन्स अटॅक’. महेशचंद्रांनी उंट जी४ वर आणला, ई५ करून मध्य फोडायला घेतला आणि नवव्या खेळीला घोडा ई४ वर टाकून दिला. पांढऱ्या घोड्याने तो खाल्ल्यावर एफ५, मग ई४ अशी त्यांची प्यादी चालून आली. बाराव्या खेळीला पांढरा घोडा ई६ वर बसला, तिथून काळा वजीर आणि हत्ती दोन्ही माऱ्यात आले. महेशचंद्रांनी तिकडे पाहिलेच नाही. त्यांनी एफ३ चा घोडा मारला. पांढऱ्याने वजीर खाल्ला. काळ्याचे प्यादे जी२ वर पोचले आणि ते हटताच मागच्या उंटाची वाट डी१ वरच्या पांढऱ्या वजिरापर्यंत मोकळी झाली. धुरळा बसला तेव्हा दोन्ही वजीर पटाबाहेर होते. काळ्याकडे एक हत्ती कमी, त्याच्या जागी एक घोडा आणि एक प्यादे जास्त. हिशेबाने पांढरा किंचित पुढे होता. त्याचा राजा मात्र उघड्यावर होता आणि काळ्याचे दोन उंट मोकाट. पुढचा खेळ महेशचंद्रांनी घोडा आणि उंट यांच्या जोरावर आपल्याकडे ओढला आणि डाव जिंकला. बारकाईने तपासले तर त्यांच्या बलिदानात कच्चे दुवे सापडतीलही. तरी देशी खेळाडू म्हणजे सावकाश, सावध, असा समज ज्याचा असेल त्याने हा डाव जरूर पाहावा.

कॉक्रन यांचे नावही या जोडीमुळेच एका सुरुवातीला चिकटले आहे. १८४८ मध्ये पेट्रॉफ बचावाच्या एका डावात चौथ्याच खेळीला त्यांनी एफ७ वर घोडा देऊन काळ्या राजाला उघड्यावर ओढले. बदल्यात मिळाली दोन प्यादी. तो ‘कॉक्रन गँबिट’. समोर महेशचंद्र होते. बलिदान धाडसी आहे, पण टाकाऊ नाही. १९९९ मध्ये लिनारेसच्या स्पर्धेत व्हेसेलिन टोपालोवने तेच व्लादिमिर क्रामनिकविरुद्ध खेळून दाखवले, डाव बरोबरीत सुटला.

महेशचंद्र एकटेच नव्हते. सौमचरण या दुसऱ्या बंगाली खेळाडूचेही त्या दशकातले डाव आहेत आणि त्यांच्यातही अशीच मांडणी दिसते. म्हणजे ही कुणा एकाची लहर नव्हती, एका प्रदेशाची खेळण्याची रीत होती. हे सगळे आज हाती आहे ते कॉक्रन यांनी डाव लिहून ठेवले आणि लंडनला धाडले म्हणून. तिथे स्टॉन्टन यांनी ते छापले. इंग्रजी मजकुरात महेशचंद्रांचा उल्लेख पुष्कळदा नुसता ‘ब्राह्मण’ असा होई, नाव आले तरी त्याचे स्पेलिंग दर वेळी निराळे. कॉक्रन १८६९ मध्ये भारत सोडून गेले. ‘इंडियन डिफेन्स’ ही संज्ञा १८८४ पासून छापील मजकुरात आढळते. तिचा प्रसार मात्र १९२० च्या दशकात झाला, जेव्हा निम्झोविच, टार्टाकोवर, रेटी यांच्या पिढीने मध्य प्रतिस्पर्ध्याला देऊन मग बाजूने त्यावर मारा करण्याचा विचार मांडला. ‘किंग्ज इंडियन’ला तर १९४० च्या दशकात ब्रॉन्स्टाइन आणि बोलेस्लाव्स्की यांनी खरी प्रतिष्ठा दिली. ग्रुनफेल्ड आणि निम्झोविच यांची नावे सुरुवातींना लागली. महेशचंद्रांच्या वाट्याला ‘इंडियन’ एवढा सामुदायिक शब्द आला. हा अन्याय आहे, असे स्पष्ट म्हणायला हवे.

पुढच्या काळात शहरातला खेळ क्लब आणि पाड्यांतून वाढला. पाडा म्हणजे मोहल्ला. अड्ड्याइतकाच तिथे पटही जुना. बंगाली पटावर मराठी खेळाडूने जरा सांभाळून बसावे : तिथे कोपऱ्यातल्या मोहऱ्याला नौका म्हणतात आणि ‘गज’ म्हणजे आपला उंट. गडियाहाट उड्डाणपुलाखाली संध्याकाळी पट मांडले जातात. निवृत्त कारकून आणि शाळकरी मुलगा समोरासमोर बसतात, पाठीमागे बघ्यांचे कोंडाळे असते.

या शहराने भारताला दुसरा ग्रँडमास्टर दिला. दिब्येंदू बरुआ (जन्म १९६६) १९७८ मध्ये जेमतेम बारा वर्षांचे असताना राष्ट्रीय स्पर्धेत उतरले. १९८२ मध्ये लंडनच्या लॉइड्स बँक स्पर्धेत त्यांनी व्हिक्टर कोर्चनॉय यांना हरवले. कोर्चनॉय आदल्याच वर्षी विश्वविजेतेपदाची लढत खेळले होते. बरुआ यांचे तेव्हा सोळावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. ग्रँडमास्टर किताब त्यांना १९९१ मध्ये मिळाला, विश्वनाथन आनंद यांच्यानंतर. १९८३, १९९८ आणि २००१ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदे त्यांच्या नावावर आहेत. त्यांच्यामागून आलेल्या सूर्यशेखर गांगुली यांनी २००३ ते २००८ अशी सलग सहा वर्षे राष्ट्रीय विजेतेपद राखले. आनंद यांच्या २००८, २०१० आणि २०१२ च्या विश्वविजेतेपदाच्या लढतींत ते त्यांच्या साहाय्यकांच्या चमूत होते.

स्पर्धांपैकी गुडरिक खुली आंतरराष्ट्रीय स्पर्धा ही बरीच वर्षे देशी खेळाडूंना परदेशी ग्रँडमास्टरांशी घरच्या मैदानावर खेळण्याची संधी देत राहिली. २०१८ पासून टाटा स्टीलची जलद आणि ब्लिट्झ स्पर्धा शहरात भरू लागली. पहिल्या वर्षी जलद प्रकार हिकारू नाकामुरा यांनी आणि ब्लिट्झ आनंद यांनी जिंकला. २०१९ मध्ये ती ग्रँड चेस टूरचा भाग होती आणि मॅग्नस कार्लसन विजेते ठरले.