घोडे, गिगाहर्ट्झ आणि खोडदच्या डिश

शिनोलीला मामाकडे गेलं की रविवारची सकाळ विहिरीवर जाते. घोडेगाव सोडून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलं की येणारं हे गाव. पुढे डिंभ्याचं धरण. मागच्या वेळी गेलो तेव्हा मामाची जुनी मोटर जळाली होती आणि नवी घ्यायची होती. मी लगेच (इंजिनियर ना!) सल्ला दिला, "मामा, जुनी पाचची होती ना? मग पाचचीच घ्या. फार तर साडेसातची."

मामा म्हणाला, "अरे, एचपीचं काय घेऊन बसलास? पाणी किती खालून उचलायचंय, आन् चैत्रात किती लागतंय, ते आधी बघ की."

मी गप्प. कारण दोन वर्षांपूर्वी ऑफिसात मी नेमकी हीच चूक केली होती, आणि ती मोटरीपेक्षा बरीच महागात पडली होती.

तर झालं असं होतं. आमच्याकडे व्हर्च्युअल मशिन चालवणारे १२ जुने होस्ट सर्व्हर होते. प्रत्येकात २० कोअर, २.४ गिगाहर्ट्झचे. ते बदलून नवे घ्यायचे होते, आणि लायसन्स कोअरवर मोजतात म्हणून 'जमेल तेवढे कमी घ्या' असा वरून निरोप. मी एक्सेल उघडलं. १२ गुणिले २० गुणिले २.४, म्हणजे ५७६ गिगाहर्ट्झ. महिन्याचा सरासरी वापर २८ टक्के, म्हणजे १६१. नवा सर्व्हर ४८ कोअरचा, २.६ गिगाहर्ट्झ, म्हणजे एकाचे १२५. दोन पुरले, तिसरा राखीव. बारा जाऊन तीन! मीटिंगमध्ये कौतुक वगैरे झालं :-)

महिनाअखेरीला एक होस्ट पॅचिंगसाठी बंद होता, आणि त्याच रात्री क्लायंटची पगाराची बॅच सुरू झाली. व्हर्च्युअल मशिन प्रोसेसरसाठी रांगेत उभं राहून जो वेळ घालवतं त्याला रेडी टाइम म्हणतात. तो त्या रात्री चढत गेला तो उतरेचना. पहाटे संपणारी बॅच दुपारी संपली. काही हजार लोकांचे पगार अर्धा दिवस उशिरा गेले. त्यातल्या कुणाचा हप्ता बाउन्स झाला असेल का, हा विचार मला बरेच दिवस छळत होता.

नंतर मी या मोजमापांच्या इतिहासात शिरलो. बराचसा पश्चात्ताप म्हणून, थोडासा कुतूहल म्हणून.

आता मामाच्या मोटरीवरचा हा एचपी घ्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वॉट आपलं वाफेचं इंजिन विकत होता. गिऱ्हाइकांकडे चक्की फिरवायला घोडे होते, आणि त्यांचा प्रश्न साधा होता: हे इंजिन माझे किती घोडे वाचवील? म्हणजे जुने होस्ट काढून नवा बसवायचा, हाच प्रश्न! वॉटने घोड्याची उंची किंवा टापांचा वेग मोजला नाही, घोडा करतो ते काम मोजलं. ३३,००० पौंड वजन मिनिटाला एक फूट उचलणं म्हणजे एक अश्वशक्ती. आकडा घोड्याला जरा जास्तच उदार होता म्हणतात, पण एकक कामाचं होतं.

गिगाहर्ट्झ म्हणजे मात्र टापांचा वेग. सेकंदाला किती टापा पडल्या ते कळतं, एका टापेत घोडा किती पुढे गेला ते कळत नाही. बाजाराला हे कळायला वेळ लागला. २००० साली आलेला पेंटियम ४ काही कामांत कमी गिगाहर्ट्झच्या पेंटियम ३ पेक्षाही मागे पडायचा. तरी जाहिरात गिगाहर्ट्झचीच. २००४ मध्ये ही शर्यत ३.८ वर अडली, ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ इंटेलने रद्द केला, आणि २००६ च्या कोअर २ ने कमी गिगाहर्ट्झमध्ये जास्त काम करून दाखवलं.

गंमत म्हणजे व्हर्च्युअल मशिनचा धंदा नेमका याच काळात वाढला. कल्पना जुनीच. आयबीएमच्या केंब्रिजच्या केंद्रात सीपी-४० ही प्रणाली १९६७ मध्ये वापरात आली, एका मशिनवर १४ आभासी मशिन चालवणारी. व्हीएमवेअर ही कंपनी १९९८ ची, तिचा सर्व्हरसाठीचा ईएसएक्स २००१ चा. त्यामुळे तिच्या स्क्रीनवर प्रोसेसरची क्षमता मेगाहर्ट्झ-गिगाहर्ट्झमध्ये बेरीज करून दिसते. अजूनही! माझं एक्सेल मी त्या स्क्रीनवरूनच भरलं होतं.

असो. क्षमता खरंच कशी काढावी याचं मला सापडलेलं सर्वांत सुंदर उदाहरण मामाच्या गावापासून फार लांब नाही. मंचरवरून नारायणगावला या आणि पूर्वेला खोडदकडे वळा. जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. १४ मधोमध, बाकीच्या १६ तीन फाट्यांवर पसरलेल्या, टोकांमधलं अंतर २५ किलोमीटरपर्यंत. गोविंद स्वरूप यांची कल्पना. शाळेत असताना २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आमची सहल तिथे गेली होती, आणि मी फक्त डिश बघून आलो होतो. खरी मेहनत आतल्या खोलीत चालते हे तेव्हा कुणाला माहीत!

तिथे प्रत्येक डिशचा संदेश दुसऱ्या प्रत्येक डिशच्या संदेशाशी गुणावा लागतो. ३० डिशच्या ४३५ जोड्या. सुरुवातीला हे काम खास बनवलेलं हार्डवेअर करायचं. मग तिथल्या लोकांनी, परदेशी सहकाऱ्यांना घेऊन, ते बाजारात मिळणाऱ्या साध्या मशिनवर आणलं. २०१० च्या त्यांच्या पेपरात आहे: ४८ नोडचं लिनक्स क्लस्टर, ३२ अँटेनांची सोय, ३३ मेगाहर्ट्झ बँडविड्थ, दोन ध्रुवीकरणं.

इथे मेगाहर्ट्झ कुणाचे ते बघा. प्रोसेसरचे नाहीत, आकाशातून येणाऱ्या माहितीचे. म्हणजे कामाचे! आता कागदावर मांडा (हे गणित माझं, चूकभूल देणेघेणे). ३२ अँटेनांच्या ४९६ जोड्या, अधिक प्रत्येकाची स्वतःशी एक, झाल्या ५२८. दोन ध्रुवीकरणांच्या १,०५६. प्रत्येकीत सेकंदाला ३.३ कोटी गुणाकार-बेरजा, संमिश्र संख्यांच्या, म्हणजे एकेकीला ८ साध्या क्रिया. एकूण सेकंदाला सुमारे २८,००० कोटी. त्याआधीचं फुरिये रूपांतर वेगळंच. मशिनचं नावसुद्धा न घेता मागणी हातात आली.

आणि तिथे सरासरी नावाची भानगड नाही. आकाश दर सेकंदाला तेवढंच ओततं. मागे पडलात तर ती माहिती गेली. पुढे दुर्बिणीचं नूतनीकरण होताना बँडविड्थ ४०० मेगाहर्ट्झपर्यंत न्यायची ठरली, म्हणजे काम बारा पट. माझ्या एक्सेलने ५७६ मशिन मागितली असती. त्यांनी एफपीजीए आणि जीपीयू यांची जोडी वापरली, कारण इतके गुणाकार एकाच वेळी करणं जीपीयूला मानवतं.

मग मी आमचं गणित पुन्हा केलं, आधी काम मोजून. पगाराची तीच बॅच एका जुन्या कोअरवर ४१ मिनिटं, नव्यावर २७. म्हणजे नवा कोअर दीडपट, गिगाहर्ट्झच्या फरकापेक्षा कितीतरी जास्त. आणि महिनाअखेरच्या रात्री जुन्या होस्टवर वापर २८ नव्हे, ७० टक्के होता. २४० पैकी १६८ जुने कोअर गुंतलेले, म्हणजे नवे सुमारे ११०. एक होस्ट बंद असताना माझ्याकडे होते ९६.

माझ्या दोन चुका उलट्या दिशेच्या होत्या, हे तेव्हा लक्षात आलं. गिगाहर्ट्झमुळे मी नव्या मशिनला कमी लेखलं होतं आणि सरासरीमुळे कामाला. फक्त पहिली चूक सुधारली असती तर मी आणखी कमी मशिन मागितली असती, आणि ऑडिटला गणित अगदी बिनचूक दिसलं असतं! रांग फुगू नये म्हणून ७० टक्क्यांवर जायचं नाही असं धरलं तर १५८ कोअर लागत होते, म्हणजे चार होस्ट आणि एक राखीव.

मी आणखी दोन मागितले, मिळाला एक. महिनाअखेरीच्या आठवड्यात आता कुठलंच पॅचिंग ठेवत नाही. अजून तरी पगार वेळेवर गेलेत.

मामाने शेवटी मोटर पाचचीच घेतली. जास्त उंचीवर पाणी चढवणारी. चैत्रात पाइपातून पाणी बारीक पडेल, पण पडेल, असं म्हणाला.