हाक पोहोचली, हे कळायला हवे

पालघर स्थानकावर न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी कधी लक्ष देऊन ऐकली आहे? गाडी जवळ येताना आवाज चढा असतो. ती समोरून पुढे जाताच तो उतरतो. हा डॉप्लर परिणाम आपण वर्गात शिकवतो. शेजारच्या सातपाटीहून समुद्रात जाणाऱ्या मच्छीमाराच्या जिवाशी त्याचा संबंध आहे, हे मात्र सहसा सांगत नाही.

लहान होडीतून एकटा गेलेला माणूस संकटात सापडला, तर पूर्वी त्याच्यापाशी कंदील आणि स्वतःचा आवाज एवढेच असे. पुढे वायरलेस संच आले. पण होड्यांवरील संचांच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीच्या वक्रतेमुळे दूरच्या किनाऱ्याला पोहोचत नाहीत. हाक उंचावरून ऐकायला हवी होती.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला. अमेरिकेतील गायर आणि वायफेनबाख या तरुण शास्त्रज्ञांनी त्याच्या संदेशाची वारंवारता मोजली आणि तिच्यातील चढउतारावरून उपग्रहाची कक्षा काढली. मग उलटा विचार पुढे आला: कक्षा ठाऊक असेल, तर पृथ्वीवरील ठिकाण काढता येईल. शीतयुद्ध चालू असतानाही अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी या तत्त्वावर कॉस्पास-सारसॅट ही बचाव यंत्रणा उभारली. तिचा पहिला उपग्रह जून १९८२ मध्ये गेला. सप्टेंबरमध्येच कॅनडातील एका विमान अपघातातून तिघे वाचले.

सप्टेंबर २०१८ मध्ये अभिलाष टॉमी दक्षिण हिंदी महासागरात गोव्यात बांधलेल्या शिडाच्या नौकेवर एकटे होते. वादळात डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्याला इजा झाली. त्यांनी संकटसूचक बीकन चालू केला. २४ सप्टेंबरला मासेमारीवर देखरेख ठेवणाऱ्या एका फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांची सुटका केली.

आपल्या मच्छीमारांसाठी इस्रोने बनवलेले संकटसूचक यंत्र २०१० पासून वापरात आले. त्याचा संदेश भूस्थिर उपग्रहामार्फत जातो. असा उपग्रह पृथ्वीवरून स्थिर दिसतो. तेथे डॉप्लर उपयोगी पडत नाही. म्हणून यंत्र आपले ठिकाण दिशादर्शक उपग्रहांवरून काढून संदेशातच कळवते. नियंत्रण केंद्राकडून ते तटरक्षक दलाला मिळते. बटण दाबणाऱ्याला मात्र हाक पोहोचल्याचे कळत नसे. २०२४ मध्ये आलेल्या सुधारित यंत्रात ती पोच मिळण्याची सोय झाली. लाटांत एकट्याने वाट पाहणाऱ्याला धीर देणारी ही गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते.

तरीही एक प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा. एकटा माणूस पाण्यात पडला आणि इंजिन चालूच राहिले, तर यंत्र कोणाबरोबर जाईल? होडीबरोबर! म्हणून एकट्याने जाणाऱ्याचा छोटा बीकन अंगावर हवा, आणि जीवरक्षक जॅकेट फळीखाली नव्हे, अंगात हवे. हाक उपग्रह ऐकेल. पण मदत येईपर्यंत माणसाला तरंगत ठेवणे उपग्रहाच्या हाती नाही.