टायटॅनिकने कळवलेला चुकीचा पत्ता

१/ १४ एप्रिल १९१२. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी टायटॅनिक हिमनगावर आदळले. आज संकटात सापडलेल्या माणसाचे ठिकाण त्याचा मोबाइल मदतयंत्रणेला आपोआप कळवू शकतो. त्या रात्री ते माणसालाच गणित करून काढावे लागले, आणि गणित चुकले.

२/ खुल्या समुद्रात ना रस्ता, ना खूण. संध्याकाळी ताऱ्यांच्या वेधांवरून ठरवलेले स्थान, त्यानंतरची दिशा, वेग आणि गेलेला वेळ यांवरून चौथे अधिकारी जोसेफ बॉक्सहॉल यांनी उत्तर काढले : ४१ अंश ४६ मिनिटे उत्तर, ५० अंश १४ मिनिटे पश्चिम.

३/ बिनतारी यंत्रचालक जॅक फिलिप्स हे आकडे पुन्हापुन्हा पाठवत राहिले. सुमारे ५८ सागरी मैलांवरच्या कार्पेथिया जहाजाने ते ऐकले आणि कप्तान आर्थर रॉस्ट्रन यांनी तत्काळ जहाज वळवले.

४/ माउंट टेंपल हे दुसरे जहाजही त्या आकड्यांच्या मागावर निघाले. तिथे त्याला बर्फाखेरीज काही दिसले नाही.

५/ मग कार्पेथियाला होड्या कशा सापडल्या? ती आग्नेयेकडून येत होती आणि होड्या योगायोगाने तिच्या वाटेतच होत्या. शिवाय एका होडीतून बॉक्सहॉल स्वतः हिरव्या ज्योती पेटवत होते. पहाटे चारच्या सुमारास रॉस्ट्रन त्या प्रकाशाच्या रोखाने पोहोचले. सातशेहून अधिक जीव वाचले. सुमारे पंधराशे तोवर गेले होते.

६/ चूक केवढी होती, हे १ सप्टेंबर १९८५ रोजी अवशेष सापडल्यावर उमगले : सुमारे १३ सागरी मैल, म्हणजे २४ किलोमीटर.

७/ हा भार माणसाच्या आकडेमोडीवरून उतरवला उपग्रहांनी. अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा व फ्रान्स यांनी शीतयुद्धाच्या काळातही एकत्र येऊन कोस्पास-सारसॅट उभारली. संकटसंदेशाच्या लहरींच्या वारंवारितेतील बदलावरून उपग्रह ठिकाण शोधू लागले. पहिला उपग्रह १९८२ मध्ये सुटला आणि त्याच वर्षी कॅनडात कोसळलेल्या विमानातील तिघे वाचले.

८/ बॉक्सहॉल १९६७ मध्ये वारले. अवशेष सापडायला अजून १८ वर्षे होती. त्यांच्या अस्थी अटलांटिकमध्ये विसर्जित झाल्या. स्थान : ४१ अंश ४६ मिनिटे उत्तर, ५० अंश १४ मिनिटे पश्चिम.