केडगावचे कृपा सदन आणि त्यानंतर

लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना निवारा, शिक्षण आणि जबाबदारीचे काम एकाच आवारात देण्याचा पुणे जिल्ह्यातील एक जुना आणि मोठा प्रयत्न केडगाव येथे झाला. केडगाव आज दौंड तालुक्यात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते भीमथडी तालुक्यात मोडत असे आणि तालुक्याचे ठाणे बारामतीला होते. इंदापूर तालुका त्याला पूर्वेकडून लागून. हा सारा पट्टा अवर्षणाचा, म्हणून 1876-77 च्या दुष्काळानंतर येथे नीरा डावा कालवा काढण्यात आला.

केडगावच्या या कामाआधी, 1863 मध्ये, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. फसवणुकीतून किंवा जबरदस्तीतून दिवस गेलेल्या विधवांना तेथे गुप्तपणे बाळंत होता येई आणि मूल तेथेच ठेवता येई. त्यामुळे आईचा आणि मुलाचा जीव वाचे. बाईच्या पुढच्या आयुष्याचा प्रश्न मात्र उरत असे.

त्या प्रश्नाला पंडिता रमाबाईंनी हात घातला. 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. अन्नछत्रे आणि मदत केंद्रांभोवती तरुण मुलींना हेरणारी माणसे फिरतात आणि धान्याच्या मोबदल्यात मुलींची अब्रू जाते, हे त्यांनी पाहिले व लिहिले. तेथून त्यांनी सुमारे 300 मुली आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग होता. आपल्या संस्थेतील एका मुलीची प्लेगच्या इस्पितळात काय गत झाली, हे रमाबाईंनी मे 1897 मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून जाहीर केले. सरकारने आरोप नाकारले. अशा गोष्टी झाकून ठेवण्याचाच तो काळ होता. एका स्त्रीने छापील पत्रात सरकारला जाब विचारणे विरळाच.

शहरात इतक्या मुलींना ठेवणे शक्य नव्हते. केडगावला रेल्वेमार्गालगत घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. 1899-1900 च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. ज्यांना समाज ‘पतिता’ म्हणून दूर लोटत असे, त्यांच्यासाठी आवारातच कृपा सदन हा वेगळा विभाग होता. आजारी मुलींवर औषधोपचार होत, लिहिणे-वाचणे शिकवले जाई आणि प्रत्येकीला अंगमेहनतीचे काम असे. विणकाम, शिवण, शेती, दुभती जनावरे, तेलघाणा, छापखाना असे अनेक उद्योग तेथे चालत. थोरल्या मुलींकडे धाकट्यांचा गट सोपवला जाई. शिकलेल्या मुलीच पुढे शिक्षिका होत. रमाबाईंच्या कन्या मनोरमा यांनी अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची सोय केली.

छापखान्यात या कामाचे स्वरूप नीट दिसे. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर केले. त्याचे खिळे जुळवणे, छपाई आणि बांधणी संस्थेतील स्त्रियांनीच केली. काही वर्षांपूर्वी ज्यांना अक्षरओळखही नव्हती, अशाही त्यांत होत्या. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण बायबल त्यानंतर छापून पूर्ण झाले.

संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. त्याआधी, 1893 मध्येच, धर्मांतराच्या वादावरून न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते. शारदा सदनातच शिकलेल्या गोदूबाईंनी त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून विधवांच्या शिक्षणासाठी गावोगाव वर्गणी गोळा केली.

केडगावात अत्याचारित स्त्रीला आधार मिळाला, पण न्याय कायद्याकडूनच मिळणार होता. त्यासाठी विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, तेव्हा वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर यांच्यासह चार कायदेतज्ज्ञांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून उठलेल्या चळवळीमुळे 1983 मध्ये कायदा बदलला: कोठडीतील बलात्कारात संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे आणि पीडितेची ओळख जाहीर करू नये, अशी तरतूद झाली. 2012 मध्ये मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्ध पॉक्सो कायदा आला.

कायद्याच्या जोडीला, अत्याचारपीडित स्त्रिया व मुलांसाठी महाराष्ट्र शासनाची मनोधैर्य योजना 2 ऑक्टोबर 2013 पासून सुरू झाली. तिच्यात अर्थसाहाय्यासोबत समुपदेशन, निवारा, वैद्यकीय व कायदेशीर मदत आणि व्यवसाय प्रशिक्षण धरले आहे. साहाय्याचे काम 2017 च्या सुधारणेनंतर विधी सेवा प्राधिकरणाकडे आले. बारामती परिसरातील अशा गंभीर गुन्ह्यांचे खटले बारामतीच्या सत्र न्यायालयात चालतात. आज या भागात आधाराची गरज वेगळ्या ठिकाणी आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती-इंदापूर पट्ट्यात ऊस आला, साखर कारखाने आले आणि हंगामात मराठवाड्यातून तोडणी मजुरांच्या टोळ्या येऊ लागल्या. कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहणाऱ्या या टोळ्यांतील स्त्रिया व मुली गावापासून, शाळेपासून आणि ओळखीच्या माणसांपासून दूर असतात. तक्रार करायची तर मजुरी आणि उचल (आगाऊ रक्कम) दोन्ही टोळीच्या मुकादमाच्या हाती. म्हणून मजुरांच्या मुलांसाठीच्या साखरशाळा, महिला दक्षता समिती आणि विधी सेवा त्यांच्या फडापर्यंत पोचणे, ही या भागातील आधाराच्या कामाची आजची मुख्य गरज आहे.