शहाण्या व मूर्ख कुमारी

उत्तर गॉथिक काळातील जर्मन चित्रकार व उत्कीर्णक मार्टिन शोनगाउअर (सु. 1450–1491) याची दहा ताम्रमुद्राचित्रांची मालिका. विषय बायबलच्या नव्या करारातील दहा कुमारींच्या दृष्टांताचा (मत्तय 25 : 1–13).

दृष्टांत : वराला सामोऱ्या जाण्यासाठी दहा कुमारी दिवे घेऊन निघतात. पाचजणी बरोबर जादा तेल घेतात, पाचजणी घेत नाहीत. वराला उशीर होतो आणि दहाहीजणींना झोप लागते. मध्यरात्री तो आल्याची हाक ऐकू येते, तेव्हा मूर्ख कुमारींचे दिवे विझू लागलेले असतात. त्या तेल विकत आणायला जातात. परत येतात तो दार बंद झालेले असते. वर म्हणजे ख्रिस्त आणि बंद दार म्हणजे अंतिम न्याय, असा याचा रूढ अर्थ. मूर्ख कुमारींच्या हातून कोणतेही दुष्कृत्य घडलेले नाही. त्यांचा दोष एवढाच, की त्या वेळेवर तयार नव्हत्या.

चित्रण : शोनगाउअरने प्रत्येक कुमारी स्वतंत्र पत्र्यावर कोरली. वर, मेजवानी किंवा दार यांपैकी काहीही त्याने दाखवलेले नाही. अरुंद जमिनीवर उभी एकेक आकृती आणि मागे कोरा कागद, एवढीच मांडणी. निवाडा कळतो तो हातातल्या दिव्यावरून : शहाणीचा दिवा सरळ धरलेला व तेवता, मूर्ख कुमारीचा उलटा आणि रिकामा. वस्त्रांच्या टोकदार, मोडलेल्या चुण्या ही उत्तर गॉथिक शैलीची खूण. मूर्ख कुमारींना त्याने कुरूप केलेले नाही. त्याही तितक्याच नाजूक व डौलदार आहेत. स्ट्रासबर्ग कॅथीड्रलच्या पश्चिम दर्शनी भागावर, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील शिल्पांत, मूर्ख कुमारींजवळ हसतमुख मोहकर्ता उभा आहे आणि त्याच्या पाठीवर साप-बेडूक वळवळतात. शोनगाउअरच्या मालिकेत असा कोणी भुलवणारा नाही. प्रत्येक कुमारी आपल्या दिव्यासह एकटी आहे. मूर्ख कुमारीचे एक अर्धाकृती मुद्राचित्रही त्याने स्वतंत्रपणे केले.

तंत्र : शोनगाउअर कोल्मार (आल्सास) येथील सोनाराचा मुलगा. धातूवर कोरणी चालवणे हे त्या घरचेच काम. तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरून त्यांत शाई भरतात, पृष्ठभाग पुसून घेतात आणि ओलसर कागद दाबून ठसा काढतात. ठशात चित्र उलट उमटते. आडव्या-उभ्या रेषांच्या जाळीतून त्याने छायेच्या अनेक पायऱ्या साधल्या. त्याची सुमारे 116 मुद्राचित्रे ज्ञात आहेत. त्यांवर त्याची एम-एस ही नाममुद्रा आढळते. सन मात्र कशावरही नाही.

प्रभाव : कागदावरचे ठसे सहज दूरवर जात, त्यामुळे शोनगाउअरची शैली युरोपभर पसरली. इस्राएल फान मेकेनेमने त्याच्या अनेक चित्रांच्या नकला कोरल्या. 1492 मध्ये तरुण आल्ब्रेख्त ड्यूरर त्याला भेटायला कोल्मारला पोचला, पण शोनगाउअर आदल्याच वर्षी ब्रायझाख येथे वारला होता. तेथील चर्चमध्ये त्याने अखेरच्या काळात भव्य भित्तिचित्र रंगवले होते. त्याचा विषयही अंतिम न्याय हाच होता. पुढे 1518 मध्ये स्वित्झर्लंडच्या निक्लाउस मानुएलने हाच दृष्टांत काष्ठमुद्रांच्या मालिकेत मांडला.