फ्यूजच्या तारेपासून आरसीसीबीपर्यंत

आपल्या पडघ्याचं नाव देशाच्या वीजनकाशावर ठळक आहे, हे सोसायटीतल्या किती मुलांना माहीत असेल? चंद्रपूरहून निघालेली 752 किलोमीटर लांबीची, 500 किलोव्होल्टची डीसी लाइन पडघ्याच्या उपकेंद्रात येऊन संपते. क्षमता 1500 मेगावॅट. ती सुरू झाली 1999च्या सुमारास, म्हणजे साधारण आपल्या सोसायटीच्याच वयाची! एवढी वीज दाराशी येऊनही भारनियमनाच्या वर्षांत मुंबई उजळलेली आणि आपण काडेपेटी शोधतोय, असं चित्र होतं. असो.

तेव्हा मीटरखाली चिनी मातीचे किटकॅट फ्यूज होते. फ्यूज उडाला की कोणीतरी खुर्चीवर चढायचं आणि तार बांधायचं. सारखा उडतो म्हणून जाड तार घालणारे महाभागही होतेच. मग फ्यूज वितळायचा नाही, भिंतीतली वायर तापायची.

पुढे एमसीबी आले. जर्मनीतल्या मानहाइमच्या ह्यूगो श्टोट्झच्या कंपनीने 1924मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आपल्या बोर्डावर यायला त्याला पाऊण शतक लागलं. तार बांधणं संपलं, जुनी खोड मात्र राहिली. एसी घेतला, एमसीबी पडायला लागला, की लोक 16चा काढून 32चा बसवायला सांगतात. अहो, एमसीबी वायरला सांभाळतो, एसीला नव्हे. 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला 16, फार तर 20 अँपिअर. मोठा एमसीबी हवा असेल तर आधी जाड वायर ओढा.

माणसाला सांभाळतो तो आरसीसीबी, ज्याला बरेचजण अजून ईएलसीबीच म्हणतात. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परतला नाही, 30 मिलिअँपिअरचा फरक पडला, की तो क्षणात वीज तोडतो. कॅलिफोर्नियातल्या चार्ल्स डॅलझिल या प्राध्यापकांनी शॉकचा माणसावर काय परिणाम होतो याचा अभ्यास केला आणि 1961मध्ये असं उपकरण बनवलं. अमेरिकेत ते बाथरूम-स्वयंपाकघराच्या सॉकेटमध्येच असतं, आपल्याकडे बहुधा बोर्डावर. पण फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला तर तोही फसू शकतो. जास्त लोडचं त्याला कळतच नाही, म्हणून एमसीबी सोबत हवाच.

बदलण्याचं काम परवानाधारक वायरमनचंच. तरी घरच्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. घरातला मेन बंद केला तरी त्याच्या वरच्या, मीटरकडून येणाऱ्या टोकांना वीज असतेच. म्हणून मीटररूममधला आपल्या फ्लॅटचा स्विच बंद करून तिथे पाटी लावायची. आणि भारनियमनाने घरोघरी आणलेला इन्व्हर्टर! मीटररूममधून वीज तोडली तरी तो बोर्डाला जिवंत ठेवतो. आधी तो बंद, मग तपासणी, मगच पेचकस. नवा आरसीसीबी लगेच पडत असेल तर बहुतेकदा दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र झालेले असतात किंवा गीझरला गळती असते. ते शोधायला लावा, ‘डायरेक्ट करून द्या’ म्हणू नका.

आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा वीज चालू असताना दाबा. खटकन पडला तर ठीक, नाही पडला तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.